नाळेचा पीळ

ग्रिम्स्बीच्या इस्पितळात एकोणतीस वर्षं
मी मुलं झेलली.
'डिलिव्हरी केली' म्हणतात, पण ती तर आई करते.
मी नुसती खाली हात धरून उभी.
वहीत चार हजारांपर्यंत आकडे आहेत,
पुढे वही संपली.

त्यातला एक शेन बॉरिल.
नोव्हेंबरातली रात्र, गोदीवरून मासळीचा वारा,
मँडी सतरा वर्षांची, सोबतीला कुणी नाही.
माझं मनगट असं आवळलं तिनं
की घड्याळाचा पट्टा कातडीत उमटला.
नाळेचे दोन वेढे होते त्याच्या गळ्याला.
बोट घालून सोडवले. एक. मग दुसरा.
निळा होता, मग जांभळा, मग रडला,
आणि मी म्हटलं, आलास का रे शहाण्या?
मराठीतून. सगळ्यांनाच म्हणायची.

पंचवीस वर्षांनी त्यानं माझं मागचं दार फोडलं.

शेजारची बेरिल चहा घेऊन आली.
बॉरिल ना, म्हणाली, रक्तच तसलं,
आजा तसा, बाप तसा.
कुडाळहून वन्सं फोनवर म्हणाल्या, जित्याची खोड,
आणि थांबल्या.
पुढचं आपण आपोआप पुरं करतो.
सुंभ जळाला तरी.
खाण तशी.
केवढी तयारी करून ठेवलीय आपल्या भाषेनं
माणसाला सोडून देण्याची!

बाळाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणे.
पाहिलेत की मी. हातात धरलेत.
पाचव्या दिवशी टाचेला सुई टोचून
कागदावरच्या गोलांत रक्ताचे थेंब भरलेत.
त्या थेंबांत बरंच काय काय शोधतात,
थायरॉईड, रक्ताचे विकार, लांब नावांचे आजार.
चोरीसाठी गोल नव्हता.

लिंकनच्या तुरुंगात आमची भेट ठरवली.
निळ्या खुर्च्या, एक मध्यस्थ बाई,
मधोमध कागदी रुमालांचं खोकं.
मला विचारायचं होतं, का?
त्यानंच आधी विचारलं,
त्या स्टीलच्या डब्यात काय होतं?
पिवळी पावडर. जिभेवर ठेवून बघितली,
वाटलं, माल असेल.
मेतकूट, मी म्हटलं. भातावर घेतात, तूप घालून.
तो हसला. हसल्याबद्दल माफी मागितली.
मग यांच्या घड्याळाबद्दल,
ते चाळीस पौंडांना गेलं होतं.
मग बराच वेळ स्वतःच्या बोटांकडे बघत बसला.

वेढ्यांचं त्याला सांगितलं नाही.
सांगितलं असतं तर तो उपकार झाला असता,
आणि मी तो वसूल करायला आल्यासारखी.

नाळ कधी नीट पाहिलीत?
सरळ नसते.
दोरासारखा पीळ असतो तिला,
पाद्र्याच्या, पोलिसाच्या, माझ्या लेकीच्याही.
पिळामुळेच ती सहसा दबत नाही,
आतलं रक्त वाहतं राहतं.
सुंभाची म्हण ज्यानं रचली
त्यानं ही हातात धरली नसणार.

असं मला वाटतं.
रोज नाही वाटत.

मार्चमध्ये सुटला. ऑगस्टमध्ये पुन्हा आत,
कुणाच्या तरी व्हॅनमधली हत्यारं.
बेरिलनं बातमी कुंपणावरून दिली,
वाईट वाटल्याच्या सुरात, पण चटकन.
मी कुंडीतलं गवत उपटत राहिले.
तिला काय उत्तर द्यावं, सुचलं नाही,
आणि खरं तर मला रागही आला होता,
त्याचा, स्वतःचा.

आता म्हणे तो मासे धुरवणाऱ्यांच्या भट्टीत आहे,
चौथा महिना.
काल सकाळी पायरीवर पुडकं होतं,
धुरवलेला हॅडक, वर चिठ्ठी नाही.
त्याचंच असेल असं नाही, बेरिलही ठेवते कधीकधी.
मी आधी वास घेतला.
मग जाऊन मागच्या दाराच्या कड्या पाहिल्या.
दोन्ही लावलेल्या होत्या.
मग भात टाकला.